देवाच्या वळूचा अंक

श्रावण वद्य ७, शके १८६६

नित्य झाले. चि. विनायकाच्या आग्रहाखातर नदीपलीकडील सरकारी पैदास केंद्र पाहून आलो. न जातो तर बरे होते.

धाकट्या बंधूच्या या आईवेगळ्या मुलाला मीच वाढविले, मीच संध्या शिकविली. आज तो तेथे संशोधक अधिकारी आहे. अभिमान वाटावयास हवा होता. वाटली ती शिसारी. गाईंना नावे नाहीत. कानाच्या आत सुईने टोचून निळे आकडे उमटविले आहेत. "एकशे बारा" अशी गडी हाक मारतो आणि एक सात्त्विक मुद्रेची पांढरी गाय मान वळविते, हे ऐकवेना. वासरू जन्मले की आईने चाटण्यापूर्वी उचलून नेतात. का, तर ते किती प्याले हे मोजता येत नाही! जे मोजता येत नाही ते असूच नये, असा तेथला धर्म दिसतो.

पुढे एक प्रयोग दाखवू लागले. वळू, रबराची नळी, बर्फ घातलेला थर्मास. लिहवत नाही. मी पाठ फिरविली तेव्हा तेथले मोठे साहेब हसले. वि. खाली मान घालून उभा.

घरी येऊन पुन्हा स्नान. जेवण गेले नाही.

श्रावण व. १०

वि. आला तो कागदांचे गाठोडे घेऊन. "काका, गणित अडलं आहे. माझ्या हाताखाली धड भागाकार करणारा माणूस नाही. तुम्ही ग्रहणं काढता, हे तुम्हाला काहीच नाही."

प्रथम नाही म्हटले. मग त्याने प्रश्न समजावून सांगितला. एक गाय अधिक दूध देते, दुसरी कमी. या अंतरात जन्माने आलेले किती आणि चाऱ्याने, निगेने, हवेने आलेले किती? हा प्रश्न मात्र ओंगळ नाही. गोत्र, प्रवर, मातुलकुल विचारल्यावाचून मुलीची सोयरीक न करणारे आम्ही. जन्माचा वाटा किती हे आम्ही कधी मोजले नाही, नुसता अभिमान धरला.

रीत अशी. एका वळूच्या मुलींचे सरासरी दूध घ्यावे. त्याची दुप्पट करावी. त्यातून त्या मुलींच्या आयांचे सरासरी दूध वजा करावे. उरेल तो त्या वळूचा अंक. अर्धे बापाचे, अर्धे आईचे. म्हणून दुप्पट, म्हणून वजाबाकी. सुबक आहे. मान्य केले पाहिजे.

आमच्या गावच्या गाई यात आहेत. एका बाजूला केंद्राने पाठविलेल्या वळूच्या मुली, दुसऱ्या बाजूला भैऱ्याच्या. भैऱ्या हा भैरोबाला सोडलेला. थोरले पाटील वारले तेव्हा अकराव्या दिवशी मीच त्या गोऱ्ह्याच्या पाठीवर चक्र-त्रिशूळाचा डाग देवविला होता. त्याला आठ वर्षे झाली.

कागद ठेवून घेतले.

श्रावण अमावास्या. पोळा.

भैऱ्याला पाटलांच्या घरून झूल, शिंगांना बेगड. मिरवणूक चावडीशी आली तसा तो नेहमीप्रमाणे वाटेतच बसला. कोल्हारकडून आलेली लॉरी पाऊण घटका खोळंबली. ड्रायव्हर उतरला, पाया पडला, पुन्हा जाऊन बसला. लोक हसले, मीही हसलो.

दर महिन्याप्रमाणे दूध मोजणीही आजच. केंद्राचे कारकून भालेराव, पन्नाशीचे, दम्याने बेजार, सकाळपासून पाटलांच्या ओट्यावर काटा टांगून बसले होते. बायका आपापल्या घरून चरव्या आणतात, ते वजन करून क्रमांकापुढे लिहितात. सकाळची धार आणि संध्याकाळची धार. पूर्वीचा कारकून वाटेल त्या दिवशी येई. निम्मी घरे शेतावर, मोजणीत भोके पडत. गेल्या कार्तिकात मीच वि. ला सुचविले की अमावास्येला कोणी बैल जुंपीत नाही, सारा गाव घरी सापडतो, तोच दिवस धरा. तेव्हापासून एक घर चुकलेले नाही. भालेराव म्हणाले, "शास्त्रीबोवा, तुमच्यामुळे माझी पायपीट वाचली."

पाटील ओट्यावर बसून गंमत करीत होते. "शास्त्रीबुवा, पोरीवरनं बापाची परीक्षा! आन् तुमी पत्रिका जुळवताना असं काय मोजता का? व्याह्याला काट्याला टांगून बघता व्हय?"

 

भाद्रपद शु. ५

ऋषिपंचमी. घरात आज बैलाच्या कष्टाचे धान्य नाही. देवभात आणि कंदमुळांची भाजी. सौ. म्हणाली, "तिकडे दिवसभर गाईबैलांची गणितं चालली आहेत आणि इकडे त्यांच्या कष्टाचं खायचं नाही." रोख माझ्याकडे.

गणित पूर्ण झाले. तीन वेळा पडताळले. भैऱ्याचा अंक फारच खाली. इतका की त्याने आयांचे चांगले दूध मुलींत निम्म्यावर आणले, असे दिसते. केंद्राच्या वळूच्या मुली आयांच्या बरोबरीच्या, काही सरस. मन खट्टू झाले. पण पाटीवरचा आकडा डोळे मिटल्याने पुसला जात नाही.

अक्षर सुंदर आले आहे. वि. ला आवडेल.

भाद्रपद शु. ९

आकडे पोहोचविण्यासाठी केंद्रावर गेलो. मागच्या फाटकाशी एक लॉरी उभी. नगरच्या छावणीतल्या गोऱ्या फौजेसाठी मांस पुरविणाऱ्या ठेकेदाराची. केंद्राने 'निकृष्ट' ठरविलेल्या गाई फळीवरून वर चढवीत होते. त्यांत ती पांढरी, एकशे बारा. फळीवर तिचा पाय घसरला. गड्याने शेपूट पिरगळले.

मोठ्या साहेबांना विचारले. त्यांनी माझेच कागद हातात घेऊन म्हटले, "निवड म्हणजे ठेवणं आणि काढणं, दोन्ही. तुमच्या धर्मात पापी माणसाचं काय होतं?"

त्याच टेबलावर चहा. बशीत माश्या. त्यांच्या बोटांना गोठ्याचा वास. उठून आलो. वि. फाटकापर्यंत पोचवायला आला. 

मग मनात आले: या निकृष्टांचा अंक कोणी काढला असेल? त्याचेही अक्षर सुंदर असेल.

भाद्रपद व. ६

पितृपक्ष. रोज कोठे ना कोठे पान. थकवा.

वि. आला. मोठ्या साहेबांचा हुकूम: भैऱ्याला चिमटा लावावयाचा. कायद्याने कमअस्सल वळू खच्ची करता येतो. परंतु देवाच्या वळूला हात लावून गावात दंगा नको, म्हणून गावाची संमती हवी. "काका, तुम्ही सोडलेला वळू. तुम्ही शब्द टाकला तर गाव ऐकेल." थंडीत मुंबईला विद्वानांच्या सभेत वि. चा निबंध वाचला जावयाचा आहे. विषय आमचेच गाव. गावठी वळू काढला की दूध कसे वाढते, हे त्यात दाखवावयाचे.

म्हटले, "ज्याच्या पाठीवर मी देवाची मुद्रा उमटविली त्याचे पुरुषत्व मीच हिरावू?"

तो म्हणाला, "हिशेब तुमचाच आहे, काका. तुम्हीच म्हणता, सत्य कळल्यावर त्याला पाठ दाखवू नये."

माझे शब्द. त्याला आठव्या वर्षी शिकविलेले.

विचार करतो म्हणालो.

आश्विन शु. २

शब्द दिला. चावडीवर मंडळी जमली होती. मी सांगितले की देवाला अर्पिलेली वस्तूही सदोष ठरली तर प्रायश्चित्तपूर्वक परत घेता येते. भैऱ्या मोकळा राहील, त्याला कोणी जुंपणार नाही, मात्र वंश पुढे चालणार नाही. बोलताना वाणी स्वच्छ होती. त्याचीच आता किळस येते.

पाटील बराच वेळ पागोटे चाचपीत होते. "आमच्या बापाच्या नावाचा हाय त्यो. पन तुमी म्हनता म्हंजे इच्यार करूनच म्हनत असाल."

मळ्यातली सोनाबाई, विधवा, दोन गाई बाळगून आहे, मागे उभी राहून ओरडली: "लेकींची दुधं काढून पोट भरलं, आन् आता बापाला ठेचा! शास्त्रीबुवा, तुमच्या तोंडात ह्ये कसं आलं वो?"

तिला बसविले. ठरले: कार्तिक अमावास्येला, मोजणीच्याच दिवशी, म्हणजे सारे घरी असतील.

तोही दिवस मीच सुचविला.

आश्विन व. १२. वसुबारस.

 आजचे आजच लिहितो.

सौ. चे गुडघे धरलेले, म्हणून पूजेचे ताट घेऊन मी तिच्याबरोबर सोनाबाईच्या गोठ्यात गेलो. सवत्स धेनू जवळ तेवढीच. तांबू, भैऱ्याची पहिली लेक. सोनाबाई माझ्याशी बोलेना. सौ. ने कुंकू लावले, वासराला घास दिला. आज गाईचे दूध घ्यावयाचे नाही, म्हणून सहज विचारले, आजचे सारे वासराला का?

सोनाबाई सौ. कडे पाहून म्हणाली, "आज समदं. आवसंला निम्मं. भैरोबाच्या लेकी हायेत, नेम चुकत न्हाई आमी."

कसला नेम म्हणून मी विचारले.

तेव्हा ती माझ्याकडे वळली. "आता ह्येबी इसरला? तीन सालाखाली तांबू पयल्यांदा याली, तवा मी तुमच्याच ओट्यावर इचाराया आल्ते. देवाच्या वळूची लेक, हिचं दूध इकलं तर पाप लागंल का? तुमी म्हनला, आवसंला दोन सडं वासराला सोड, दोन काढ, मग दोष न्हाई. म्या समद्यांना सांगितलं. गावात जेवढ्या भैऱ्याच्या लेकी हायेत, समद्या घरी ह्येच."

"आणि त्यांच्या आयांना?"

"आयांना कशाला? आया काय देवाच्या लेकी हायेत?"

आठवले नाही. आताही आठवत नाही. त्या ओट्यावर बसून किती जणींना किती नेम सांगितले असतील. तोंडातून निघाले, ती घेऊन गेली, मी पान खाल्ले असेल.

घरी येताना सौ. म्हणाली, "काय झालं? चेहरा का असा?"

भैऱ्याच्या मुलींचे दूध निम्मे का, ते मला आता ठाऊक आहे. नेम माझा. अमावास्या माझी. आकडेमोड माझी. शब्द माझा.

आश्विन अमावास्या

लक्ष्मीपूजन. सकाळी स्वतः घरोघर गेलो. धारेच्या वेळी ब्राह्मण दारात उभा पाहून बायका गोंधळल्या. भैऱ्याच्या लेकी अकरा, अकराही ठिकाणी तेच: दोन सड काढले, मग वासरू सोडले. शेजारच्याच दावणीला केंद्राच्या वळूची लेक, तिचे चारही सड काढले. दोन्ही चरव्या ओट्यावर गेल्या. भालेरावांनी वजन केले आणि लिहिले.

विचारले, "गोठ्यात जाऊन धार पाहता की नाही?"

"छातीत धूळ जाते हो. आणि समोर येईल ते लिहायचं, असा हुकूम आहे."

या माणसाचा राग येत नाही. राग येतो तो ज्यांनी वर्षभर या आकड्यांवर माना डोलविल्या त्यांचा. कोणीही गोठ्यात वाकून गाईच्या कासेकडे पाहिले नाही. मोठ्या साहेबांनी नाही, वि. ने नाही. मी नाही. मला तर गाईचे नावही कागदावर दिसत नव्हते, क्रमांक दिसत होता. ज्या गोष्टीची केंद्रावर शिसारी आली, तीच घरी आणून मी सोवळ्यात केली.

सायंकाळी पूजा यांत्रिक झाली.

कार्तिक शु. २

भाऊबीज. वि. दरसाल माहेरी आलेल्या आमच्या कृष्णेकडून ओवाळून घेतो. ओवाळणी होईपर्यंत थांबलो, मग आतल्या खोलीत नेऊन सर्व सांगितले.

त्याचा चेहरा उतरला. हे लिहून ठेवतो, म्हणजे त्याच्यावर अन्याय नको. क्षणभर तो आठ वर्षांचा दिसला.

मग अधिकारी बोलू लागला.

"निम्मं दूध दुप्पट करून चालणार नाही, काका. मागच्या सडांचं वेगळं, पुढच्यांचं वेगळं. वासरू तोंड लावतं तेव्हा पान्हा बदलतो."

म्हटले, "दुप्पट करू नकोस. सारे फेकून दे. वर्षभर पुन्हा मोज."

"निबंध गेला आहे. साहेबांचं नाव पहिलं आहे त्यावर."

"मग परत मागव."

"आणि काय लिहू? आमच्या मोजणीचा दिवस एका शास्त्र्याने ठरविला आणि त्याच शास्त्र्याने त्या दिवसाला नेम लावला? हसतील, काका. मला नाही, तुम्हाला."

हे त्याने दुष्टपणाने म्हटले नाही. म्हणूनच अधिक लागले.

शेवटी म्हणाला, "समजा चूक नसती, तरी भैऱ्या फार चांगला निघाला असता असं थोडंच आहे? आज ना उद्या गावठी वळू काढायचेच आहेत."

म्हणजे उत्तर आधी ठरलेले होते. माझ्याकडून फक्त गणित हवे होते. त्याच्या कपाळावर कृष्णेने लावलेले कुंकू ओले होते. त्याकडे पाहवेना.

कार्तिक शु. १२

काल उपोषण. आज बैलगाडीने नेवाशास जाऊन माउलींच्या खांबाचे दर्शन घेतले. प्रवरेत स्नान, पाणी गार. काही मागितले नाही. मागण्याचे तोंड नव्हते.

परतताना गाडीवान म्हणाला, "शास्त्रीबुवा, ह्यो माझा डावा बैल भैऱ्याचा. चिखलात गाडी रुतली तर उजवा बघत ऱ्हातो, ह्यो गुडघं टेकून वढतो. त्येचा आकडा कुनी काढला का?"

नाही काढला. दुधाखेरीज काहीच मोजलेले नाही.

कार्तिक व. ४

पाटलांना सांगितले. एकटे गाठून. सर्व, नेम, अमावास्या, गणित. 

ते प्रथम हसले. मग हसू थांबले. "म्हंजे आमी पुण्य क्येलं म्हनून जनावर नापास झालं?"

होय म्हटले.

"आन् तुमचा पुतन्या काय म्हनतो?"

त्याचे म्हणणे जसेच्या तसे सांगितले. पाटील ओट्याच्या कडेला थुंकले. माझ्यासमोर आजवर कधी थुंकले नव्हते.

"मी नुसता न्हाई म्हनलो तर ते कायदा घिऊन येतील, संगं पोलीस. तुमी दिलेला शबूद तुमीच मागं घ्या. चावडीवर दिला व्हता, चावडीवरच घ्या. माझ्या कानात सांगून भागायचं न्हाई."

चाळीस वर्षे या गावात माझ्या शब्दावर लग्ने लागली, सुतके फिटली. तो शब्द चुकला असे सर्वांसमोर म्हणावयाचे. आणि ते म्हणताना विनायकाचेही नाव मातीत. वाढविलेला मुलगा.

रात्रभर डोळा नाही. पहाटे ठरविले.

कार्तिक व. ९

वि. ला चिठी पाठविली: 'अमावास्येस चावडीवर मी माझा शब्द परत घेणार आहे. तुला आधी कळावे म्हणून लिहितो.'

उत्तर नाही.

सौ. म्हणाली, "तो आता आपल्याकडे यायचा नाही." तिने दोनदा त्याच्या आवडीची थालीपिठे लावली. आम्ही दोघांनीच खाल्ली.

कार्तिक व. १३

भालेराव भेटले. म्हणाले, चिमटा नगरहून आला आहे, गोणपाटात गुंडाळून ठेवला आहे. "कातडंही फाटत नाही, शास्त्रीबोवा. रक्तही नाही. कट्‌ झालं की झालं."

ही स्वच्छतेची ग्वाही! आजवर रक्ताचीच घाण वाटत होती. रक्तावाचूनची अधिक वाटते.

भैऱ्या चावडीपाशी बसला होता. कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यावर माशी. हात फिरवला. त्याने माझ्या उपरण्याचे टोक चघळले, मी चघळू दिले.

कार्तिक अमावास्या

मध्यान्ह. घरी येऊन हे लिहीत आहे. संध्याकाळी लिहिण्याच्या स्थितीत असेन की नाही ठाऊक नाही.

सकाळी केंद्राची गाडी आली. मोठे साहेब, भालेराव, चिमटा घेतलेला मनुष्य आणि मागच्या बाजूस विनायक. माझ्याकडे त्याने पाहिले नाही.

चावडीवर उभा राहिलो आणि सांगितले. नेम मी घातला. दिवस मी सुचविला. गणित मी केले. म्हणून जो शब्द दिला तो खोट्या पायावर दिला, तो परत घेतो. एवढेच. लांबण लावली नाही. कोणी हसले नाही; हसले असते तर बरे झाले असते.

साहेब म्हणाले, "शास्त्रीबोवा, भावना कळली. पण पुरावा?"

म्हटले, "दावणीला बांधला आहे. आज भैऱ्याच्या अकरा मुली चारही सड पिळून मोजा. तुमच्या डोळ्यांदेखत. ओट्यावर नाही, गोठ्यात."

"एका दिवसाच्या दुधाने काही सिद्ध होत नाही."

हे खरे आहे. तेवढे गणित मीही शिकलो आहे. म्हटले, "सिद्ध होणार नाही. शंका येईल. शंका आल्यावर चिमटा लावता येतो का, ते तुमचे शास्त्र सांगेल."

तेव्हा विनायक प्रथमच बोलला, जमिनीकडे पाहून. "मोजायला हरकत नाही, सर." साहेबांनी त्याच्याकडे रोखून पाहिले.

पहिला गोठा सोनाबाईचा. ती चरवी घेऊन उभी, पण बसेना. "आज आवस हाय. चारी सडं मी न्हाई काढायची. नेम तुमी बांधला, तुमीच सोडा."

सर्व माझ्याकडे पाहू लागले. भैरोबाचे स्मरण केले, हातावर पाणी घेऊन सोडले. म्हटले, "नेम सुटला. दोष माझ्याकडे."

"दोष तुमच्याकडं," ती म्हणाली, "आन् उपाशी वासरू माझ्याकडं." आणि बसली.

तांबू बिचकली. परके पाय, बुटांचा वास. पान्हा चढवून घेतला, धार येईना. साहेब घड्याळ पाहू लागले. सोनाबाई ओरडली, "ह्या कोटवाल्यांना आधी भाईर काडा! ती काय तमाशाला उभी हाय व्हय?" सर्वांना बाहेर काढले. साहेबही गेले. विनायक राहिला. त्याने बूट काढले, वासराची दोरी हातात घेतली आणि गाईच्या गळ्याखाली खाजवीत उकिडवा बसला. लहानपणी आमच्या कपिलेपाशी असाच बसे. तांबूने मान सैल केली.

धारेचा आवाज बदलला. चरवी भरत गेली.

काटा त्यानेच धरला. आकडा पाहिला, पुन्हा टांगून पाहिला. मग बाहेर जाऊन भालेरावांच्या हातातली वही घेतली, वळून माझ्याकडे न पाहता लिहिले, आणि अनवाणीच पुढच्या गोठ्याकडे चालू लागला. बूट सोनाबाईच्या दारात राहिले. आकडा मला सांगितला नाही. मी विचारला नाही.

अकरा घरे झाली. सोनाबाईचे वासरू अजून हंबरते आहे, येथवर ऐकू येते. हे पाप मी केले आहे, ते कोणत्याही वजाबाकीने उणे होणार नाही.

संध्याकाळची धार उरली आहे. साहेब पाटलांच्या ओट्यावर जेवून पडले आहेत; म्हणाले, दोन्ही धारा पाहून ठरवू, किंवा काही ठरविण्यासारखे नाही असे ठरवू. काय अर्थ, कळले नाही. चिमटा गाडीत, गोणपाटातच आहे. गाडीच्या सावलीत भैऱ्या येऊन बसला आहे. चिमटावाला त्याला उठवायला गेला, तो उठला नाही.

आताच विनायकाने भालेरावांकडून निरोप पाठविला: "काकांना म्हणावं, संध्याकाळी पाटी घेऊन या."

पाटी धुऊन ठेवली आहे.